बालवाडीतील ताई आणि दादा घडवताना : नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांची तयारी

नववीतल्या एखाद्या विद्यार्थ्याला पुढे काय करायचे आहे असे विचारले आणि ‘मला लहान मुलांना शिकवायला आवडेल’ असे उत्तर आले, तर बहुतेक घरांत, आणि शाळांतही, दोनच प्रतिक्रिया उमटतात. मुलगी असेल तर ‘बरे आहे, घर सांभाळून करता येईल’ असे म्हटले जाते आणि मुलगा असेल तर विषय बदलला जातो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबरचे काम हे शिकून घ्यावे लागणारे काम आहे, याची जाणीव दोन्ही प्रतिक्रियांत नसते. पुण्यातील एका माध्यमिक शाळेत गेली काही वर्षे आम्ही इच्छुक विद्यार्थ्यांकडून अशी तयारी करून घेत आहोत. आमच्या आवारातच बालवाडी असल्यामुळे आमचे काम सोपे झाले. ज्यांच्याकडे ती सोय नाही त्यांना जवळच्या खासगी बालवाडीशी बोलून किंवा बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेऊन परिसरातील अंगणवाडीशी जोडून घेता येईल. हे लेखन अशी सुरुवात करू इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी आहे.

सुरुवात केव्हा आणि किती जणांनी करावी

पहिल्या वर्षी आमच्या हातून मोठी चूक झाली. उत्साहाच्या भरात आम्ही नववीचे अठरा विद्यार्थी जूनच्या शेवटच्या आठवड्यात एकदम बालवाडीत नेले. छोट्या गटातील मुले आईचा हात सोडून वर्गात बसायला नुकतीच लागली होती आणि दारात अचानक अठरा अनोळखी, उंच, गणवेशातील माणसे उभी राहिली. एक मूल रडू लागले, त्याचे पाहून दुसरे, आणि दहा मिनिटांत अख्खा वर्ग आईसाठी टाहो फोडू लागला. ताईंनी दोन आठवडे खपून बसवलेली घडी विस्कटली आणि ती पुन्हा बसवायला त्यांना जुलैचा अर्धा महिना लागला.

तेव्हापासून जून-जुलैत आम्ही नव्या विद्यार्थ्यांना बालवाडीत पाठवत नाही. आषाढीच्या दिंडीच्या दिवशी डोक्यावर इवलीशी तुळस घेऊन निघालेली मुले त्यांनी मैदानाच्या कडेला उभे राहून पाहावीत, एवढाच त्या काळातला संबंध असतो. प्रत्यक्ष जाणे ऑगस्टमध्ये सुरू होते आणि एका वर्गात एका वेळी दोनच विद्यार्थी बसतात. महत्त्वाची गोष्ट अशी, की तेच दोघे, ठरलेल्या वारी, त्याच वर्गात, संपूर्ण सत्रभर जातात. दर आठवड्याला नवा चेहरा दिसला की मुले बुजतात, आणि विद्यार्थ्यालाही एकच मूल ऑगस्टमध्ये कसे होते आणि दिवाळीनंतर कसे झाले हे कधी दिसत नाही. ते दिसले नाही तर या कामातले सगळ्यात शिकण्यासारखे तेच निसटते. पुण्यातील अनेक माध्यमिक शाळा दुपारच्या सत्रात भरतात आणि बालवाड्या सकाळी, त्यामुळे आठवड्यातून एक सकाळ, साधारण दीड तास, अभ्यासाला धक्का न लावता काढता येतो. दहावीचे वर्ष आम्ही हलकेच ठेवतो. परीक्षा संपल्यानंतरच्या मोठ्या सुट्टीत मात्र साहित्य तयार करण्याचे भरपूर काम होते.

पहिले सत्र : मांडीवर वही, हात शांत

पहिल्या सत्रात विद्यार्थ्याने शिकवायचे नाही, गाणी घ्यायची नाहीत आणि मुलांनी येऊन ओढल्याशिवाय खेळायचेही नाही. त्याने भिंतीपाशी सतरंजीवर, मुलांच्या उंचीला बसायचे, एकाच मुलाकडे वीस मिनिटे पाहायचे आणि जे दिसेल ते वहीत लिहायचे. विद्यार्थ्यांना हे सर्वांत कंटाळवाणे वाटते. तरीही मी या सत्रात काटछाट करू देत नाही, कारण बालशिक्षणातले बाकीचे सगळे काम या नजरेवर उभे आहे.

पहिल्या वहीत काय येते त्याचा एक नमुना देतो. एका विद्यार्थिनीने लिहिले होते : ‘मुलगी पाण्याशी खेळत होती. ती खूप हट्टी आहे, कोणाचे ऐकत नाही.’ मी तिला पुढच्या आठवड्यात त्याच मुलीला त्याच जागी पाहायला सांगितले, आणि विशेषणे न वापरता केवळ हात, डोळे व तोंडातले शब्द लिहायला सांगितले. तेव्हा वहीत असे आले : ‘तिने डाव्या हाताने बाटली धरली आणि उजव्या हाताने लोटीतले पाणी ओतले. पाणी बाहेर सांडले. तिने पुन्हा ओतले, पुन्हा सांडले. मग ती खाली वाकली आणि बाटलीचे तोंड डोळ्यांसमोर येईल अशी बसली. या वेळी थोडे पाणी आत गेले. ती “गेलं!” म्हणाली. ताईंनी हात पुसायला बोलावले तेव्हा तिने पाहिले नाही. नंतर तिने लोटी बाजूला ठेवली आणि नरसाळे शोधून आणले.’

पहिल्या नोंदीतली हट्टी मुलगी दुसऱ्या नोंदीत एक अडचण सोडवत होती आणि ती सुटेपर्यंत तिला हाक ऐकू येत नव्हती. ही दोन टिपणे वर्गात शेजारी ठेवून वाचली की ‘खेळातून शिक्षण’ म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वहीच्या प्रत्येक पानाचे दोन भाग करावेत. डावीकडे केवळ दिसलेले आणि ऐकलेले लिहावे, उजवीकडे त्यावरून आपल्याला काय वाटते ते. उजव्या बाजूला ‘कदाचित’ हा शब्द अनिवार्य असावा. मुलाचे खरे नाव वहीत लिहू नये आणि वही शाळेतच राहावी.

याच काळात, आठवड्यातून एका तासाला, थोडा पाया वर्गात घालावा लागतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत स्तर मानला आहे, म्हणजे बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी एकत्र. मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षापूर्वी होतो, असे त्याच धोरणात नमूद आहे. त्यावर आधारित पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्याने हा आराखडा संपूर्ण वाचण्याची गरज नाही, पण त्यातली खेळ आणि गोष्ट यांवरची पाने त्याने वाचावीत आणि आपल्या वहीतील नोंदींशी ताडून पाहावीत.

दुसरे सत्र : हातांना काम

दिवाळीनंतर विद्यार्थी ताईंच्या हाताखाली छोटी कामे करू लागतो. येथे एक पथ्य कडकपणे पाळावे. विद्यार्थी हा मदतनिसाची रिकामी जागा भरणारा फुकटचा माणूस नव्हे, त्यामुळे झाडू मारणे, डबे धुणे अशी कामे त्याच्यावरच येऊन पडत असतील तर शाळेने बोलले पाहिजे. मुलांबरोबर डबा खायला बसणे, खेळ आवरताना मुलांच्या बरोबरीने आवरणे, ही कामे मात्र त्याची आहेत आणि त्यांत शिकण्यासारखे खूप असते.

साहित्य घरचेच असावे. पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे १९१० साली जन्मलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ अनुताई वाघ १९४५ पासून आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, बालशिक्षणाच्या आद्य कार्यकर्त्या ताराबाई मोडक यांच्याबरोबर आदिवासी मुलांसाठी काम करत राहिल्या. मूल शाळेत येत नाही म्हटल्यावर शाळाच मुलाच्या अंगणात नेणारी अंगणवाडी आणि गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणावर भरणारी कुरणशाळा त्या कामातून उभी राहिली, आणि तिथले साहित्य पाने, बिया, शंख, दगड असे भोवतालातलेच होते. आज दुकानात शैक्षणिक खेळण्यांचे महागडे संच मिळत असले तरी बाटल्यांची झाकणे, कापडाचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, भाजीवाल्याची जुनी टोपली आणि चिकणमाती एवढ्यावर वर्ष उत्तम जाते. कागद फाडणे, मातीचे गोळे वळणे, मोठे मणी ओवणे, कणीक मळणे यांतून बोटांचे स्नायू तयार होतात. पेन्सिल नीट धरता येणे ही त्यानंतरची गोष्ट आहे. हे विद्यार्थ्याला कळले, की चार वर्षांच्या मुलाकडून ‘अ’ गिरवून घेण्याची घाई कोणी केली तर तो निदान अस्वस्थ होतो, आणि पुढे नोकरीत पालकांना कारण सांगून समजावूही शकतो.

चिंचोक्यांविषयी मात्र सांगितलेच पाहिजे. मोजायला, नक्षी करायला चिंचोके आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरले जातात, पण छोट्या गटातील मूल ते नाकात किंवा तोंडात घालते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, नाणी, घड्याळातल्या गोल बॅटऱ्या, अख्खी द्राक्षे यांचेही तसेच आहे. आमच्याकडे एका मुलाने नाकात चिंचोका घातल्याचे एका विद्यार्थ्याच्या लक्षात आले. त्याने तो स्वतः काढायचा प्रयत्न न करता ताईंना हाक मारली आणि मूल डॉक्टरांकडे गेले. त्याने योग्य तेच केले, कारण बोटाने काढू पाहता बी आणखी आत ढकलली जाते. तेव्हापासून तीन वर्षांच्या मुलांसमोर आम्ही मुठीत न मावणारेच साहित्य ठेवतो आणि प्रत्येक विद्यार्थ्याला प्रशिक्षित व्यक्तीकडून, सरावाच्या बाहुलीवर, प्रथमोपचार शिकवतो.

गोष्ट सांगणे हे दुसऱ्या सत्रातले सर्वांत आनंदाचे आणि सर्वांत फसवे काम आहे. विद्यार्थी पहिल्यांदा गोष्ट सांगतो तेव्हा तो मराठीच्या तासाला धडा वाचतो तसा वाचतो. पुस्तक स्वतःच्या तोंडासमोर असते, मुलांना चित्राऐवजी मुखपृष्ठ दिसते आणि दर पानानंतर ‘हे काय आहे? सांगा बरं’ असा प्रश्न येतो, ज्याचे उत्तर सर्वांना आधीच ठाऊक असते. पुस्तक खांद्याच्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला धरावे. पान उलटण्यापूर्वी थोडे थांबावे. ‘आता काय होईल?’ किंवा ‘त्याला कसं वाटलं असेल?’ असे विचारावे आणि आलेले कोणतेही उत्तर चूक ठरवू नये. एकच गोष्ट चार आठवडे सांगावी. विद्यार्थ्यांना वाटते मुले कंटाळतील, पण चौथ्या वेळी मुले पुढचे वाक्य स्वतः म्हणू लागतात आणि तेच त्यांचे वाचनाकडे पहिले पाऊल असते.

रडणाऱ्या मुलाशी कसे बोलावे याचा सराव विद्यार्थ्यांनी एकमेकांबरोबर करावा. ‘शहाणा ना तू, रडू नको’ हे आपल्या सर्वांच्या तोंडात बसलेले वाक्य आहे. त्याऐवजी शेजारी बसून ‘आई गेली म्हणून रडू येतंय ना? आपण डबा खाल्ला, मग गोष्ट झाली, की आई येणार’ असे सांगितले तर मुलाला वाईट वाटण्याची परवानगी मिळते आणि वेळेचा अंदाजही येतो. कोणा मुलाने दुसऱ्याला चावले किंवा मारले तर विद्यार्थ्याने आधी ज्याला लागले त्याच्याकडे जावे, दुसऱ्याला ओरडू नये आणि ताईंना बोलवावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. बालवाडीतले मूल त्या कायद्याच्या सहा ते चौदा या वयोगटात मोडत नसले तरी आमच्याकडे नियम तोच आहे, आणि घाबरवणे, भूत येईल म्हणणे, ‘तुझ्याशी कट्टी’ म्हणणेही त्यात धरले जाते.

घरची भाषा

पुण्यातील बालवाडीत बसणारे प्रत्येक मूल मराठी बोलत घरातून आलेले नसते. बांधकामाच्या ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबांतील मुले हिंदी, कन्नड, तेलुगू, बंजारा अशा भाषा घेऊन येतात. विद्यार्थ्याने अशा मुलाच्या भाषेतले दहा शब्द, म्हणजे पाणी, भूक, दुखते, शू, आई, ये, बस असे, मुलाच्या आईकडून शिकून वहीत लिहावेत. आमच्या एका विद्यार्थ्याची आजी विजापूरकडची होती. त्याने एका गप्प मुलाला कन्नडमध्ये पाणी हवे का असे विचारले, तेव्हा ते मूल तीन आठवड्यांत पहिल्यांदा वर्गात बोलले. त्या विद्यार्थ्याला तोवर स्वतःच्या घरातली भाषा शाळेत सांगायची लाज वाटत असे.

सुरक्षिततेचे नियम

हे नियम लेखी असावेत आणि विद्यार्थी व पालक दोघांनीही त्यांवर सही करावी. विद्यार्थी कोणत्याही मुलाबरोबर एकटा, बंद दाराआड राहणार नाही. शौचालयात नेणे आणि कपडे बदलणे ही कामे ताईंची किंवा मदतनिसांचीच. मोबाइल बालवाडीच्या बाहेर जमा करायचा. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, मग स्टेटसवर ठेवणे दूरच. एखाद्या मुलाच्या अंगावरच्या खुणांवरून, वागण्यावरून किंवा बोलण्यावरून काही वावगे वाटले तर मुलाची उलटतपासणी न करता त्याच दिवशी जबाबदार शिक्षकांना सांगायचे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि ही जबाबदारी शिक्षकांनी विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकू नये. १०९८ हा संकटातील मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा (चाइल्ड हेल्पलाइन) क्रमांक सर्वांना पाठ असावा.

हे नियम मुलांसाठी आहेत तितकेच आपल्या विद्यार्थ्यांसाठीही आहेत, विशेषतः मुलग्यांसाठी. मुलगे या कामात यावेत असे मनापासून वाटत असेल तर त्यांच्यावर संशयाची नजर पडणार नाही अशी व्यवस्था आपणच करायला हवी. बालवाडीत ‘दादा’ असला की मुले त्याच्या अंगाखांद्यावर खेळतात आणि पुरुषही हळुवार बोलतो हे रोज पाहतात.

अकरावी-बारावी : पुढच्या वाटा

राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या विषयांत बालविकास हा विषय आहे, पण सर्वच कनिष्ठ महाविद्यालयांत तो शिकवला जात नाही, म्हणून प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी चौकशी करावी. तो नसेल तर मानसशास्त्र आणि भाषा हे विषय उपयोगी पडतात. विज्ञान शाखेतल्या विद्यार्थ्यानेही मागे हटण्याचे कारण नाही.

बारावीनंतरच्या वाटा वेगवेगळ्या जागी पोहोचतात, आणि ते विद्यार्थ्याला आधी कळले पाहिजे. केवळ तीन ते सहा वयोगटात काम करायचे असेल तर पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे. पहिली-दुसरीपर्यंतचा मार्ग मोकळा ठेवायचा असेल तर दोन वर्षांचे डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) करावे आणि पुढे शिक्षक पात्रता परीक्षा द्यावी. पदवीसह शिक्षक व्हायचे असेल तर चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रम आहे. त्यात पायाभूत स्तराची निवड करता येते आणि प्रवेश देशपातळीवरील परीक्षेने होतो. गृहविज्ञानाची पदवी घेऊन मानवी विकासाकडे वळणे हीदेखील चांगली वाट आहे, आणि त्यासाठी पुण्यात कर्वे रस्त्यावर एसएनडीटी महिला विद्यापीठाचे गृहविज्ञान महाविद्यालय आहे. खासगी संस्थांचे तीन-सहा महिन्यांचे अभ्यासक्रम भरपूर आहेत; त्यांना मान्यता कोणाची, आणि प्रत्यक्ष बालवाडीत किती दिवस काम करायला मिळते, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

अंगणवाडी सेविका होण्यासाठी राज्यात आता बारावी उत्तीर्ण असणे आणि त्याच भागातील रहिवासी असणे आवश्यक आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि सेविकेला आजही वेतन नव्हे तर मानधन मिळते. तिच्याकडे शिक्षणाबरोबरच पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणासाठी पाठपुरावा आणि गृहभेटी असतात. बारावीच्या विद्यार्थ्यांना आम्ही एक संपूर्ण दिवस परवानगीने अंगणवाडीत बसवतो आणि सेविकाताईंना त्यांच्या मानधनाबद्दल, ते वेळेवर येते का याबद्दल स्पष्टपणे बोलायची विनंती करतो. पैशाबद्दल आधी न बोलणे हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे. खासगी बालवाड्यांतही पगार जागोजागी फार वेगळे असतात आणि सुट्टीतला पगार मिळेलच असे नसते.

म्हणून बारावीच्या शेवटी विद्यार्थ्याच्या हातात दोन गोष्टी द्याव्यात. पहिली म्हणजे त्याची कामाची फाइल : मुलांची खरी नावे नसलेल्या निवडक नोंदी, त्याने केलेल्या साहित्याचे फोटो, सांगितलेल्या गोष्टींची यादी, आणि ताईंचे पत्र, ज्यात ‘मुलांशी प्रेमाने वागतो’ अशी मोघम स्तुती नसून त्याने नेमके काय केले हे लिहिलेले असेल.

दुसरी गोष्ट म्हणजे नोकरी निवडताना काय पाहावे याची समज. नियुक्तिपत्र देतात का, मे महिन्याचा पगार देतात का, एका ताईकडे किती मुले असतात हे विचारावे. पूर्व-बाल्यावस्थेतील संगोपन व शिक्षणाच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात तीन ते सहा वयोगटासाठी वीस मुलांमागे एक आणि तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रौढ असे प्रमाण सांगितले आहे. होकार देण्यापूर्वी वर्गात अर्धा तास बसू द्यावे अशी विनंती करावी. दप्तराच्या खुंट्या मुलांच्या हाताला येतील एवढ्या खाली आहेत का, खेळणी कपाटात कुलूपबंद आहेत की फडताळावर, छोट्या गटातल्या मुलांसमोर वह्या आहेत की माती, ताई मुलांशी बोलताना खाली बसतात का, आणि एखादे मूल रडू लागले तर सर्वांत आधी कोण उठते, हे तेथे बसून पाहावे आणि बाहेर आल्यावर त्याच दोन भागांच्या पानावर लिहून काढावे.